राणीसरकारांची स्वारी

माझा आवाज मोठा आहे. शाळेत मास्तरांनी ते मला वर्गाबाहेर उभं करून सांगितलं आणि लग्नानंतर बायकोने खिडक्या लावून घेत सांगितलं. कतारला नोकरीसाठी आलो तेव्हा मात्र या आवाजाला अचानक भाव आला. इथल्या आमच्या मराठी मंडळात गणपती असो, कोजागिरी असो, कुणाचा निरोपसमारंभ असो, माइक माझ्याकडे. मी नकला करतो, लोकांच्या फिरक्या घेतो, कार्यक्रम लांबवतो. मंडळाच्या अध्यक्षांची मी त्यांच्यासमोर नक्कल केली आहे आणि त्यानंतरही त्यांनी मला जेवायला वाढलं आहे. पन्नाशी उलटली तरी मला याची लाज म्हणून वाटत नाही.

आता जे लिहितो आहे ते त्याच आवाजाबद्दल आहे, आणि सव्वादोन वर्षांच्या एका मुलीबद्दल. ही गोष्ट मी कधी माइकवर सांगितली नाही.

आमच्या ऑफिसच्या बसचा ड्रायव्हर मराठवाड्यातला होता. पहिले चार महिने मला ते कळलंच नाही, कारण तो बोलायचाच नाही. हिंदीत ‘जी सर’, इंग्रजीत ‘ओके सर’ आणि काम संपलं की ‘खलास’. एवढ्या तीन शब्दांवर तो अख्खा दिवस काढायचा. एकदा सकाळी एक लँडक्रूझर बससमोर आडवी घुसली आणि त्याच्या तोंडून अशी काही अस्सल गावरान शिवी बाहेर पडली, की मी मागच्या सीटवरून टाळीच वाजवली.

“अरे, हा तर आपला माणूस!”

तो इतका लाजला की पुढचे दोन सिग्नल त्याने आरशात पाहिलं नाही. मग हळूच म्हणाला, “माफ करा सायेब. तोंडातून गेलं.”

“माफ कसलं? पुन्हा एकदा म्हण. सावकाश. मला पाठ करायचीय.”

अशी आमची ओळख झाली. तो बरवा अल बराहाला, कामगारांच्या मोठ्या वसाहतीत, एका खोलीत चौघांबरोबर राहायचा. बायको गावी. मुलगी तीन महिन्यांची असताना तो रजेवर जाऊन तिला पाहून आला होता, त्यानंतर फक्त फोनवर. त्या हिवाळ्यात त्याला रजा मिळणार नव्हती, म्हणून त्याने धाडस केलं. बायकोला आणि मुलीला महिनाभराच्या व्हिजावर इकडेच बोलवायचं ठरवलं. कामगारांच्या वसाहतीत बायकापोरांना राहता येत नाही. तो जागा शोधतोय हे मी घरी सांगितलं, तेव्हा बायको भाजी निवडत होती. ती मानही वर न करता म्हणाली, “आपली मागची खोली काय शोभेला ठेवलीय का?”

आम्ही शहरात, अल हिलालला राहतो. मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, सुटकेसा आणि माझी एकेकाळी व्यायाम करायची इच्छा, म्हणजे एक सायकल, एवढं पडलेलं होतं. ते सगळं गॅलरीत गेलं आणि त्या दोघी आल्या.

मुलीची आई जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांची. डोक्यावरचा पदर आमच्या घरातही खाली येऊ द्यायची नाही. बोलायची तेही भिंतीला ऐकू जाणार नाही असं. आणि मुलगी म्हणजे सगळी उलट. आल्या आल्या तिने आमच्या फ्रिजचा खालचा कप्पा उघडला, त्यातल्या काकड्या बाहेर काढल्या आणि स्वतः आत बसून पाहिलं.

समोर उभ्या असलेल्या बापाला ती ओळखेना. तो जवळ आला की आईच्या पायांमागे लपायची. पण तोच बाप आमच्या जिन्यात जाऊन व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा ‘पप्पा, पप्पा’ करत नाचायची. पहिले चार दिवस तो ड्युटी संपवून यायचा आणि आमच्या जिन्यात उभा राहून मुलीशी फोनवर बोलायचा. शेजारचे लोक त्याला ओलांडून वर जायचे. पाचव्या दिवशी ती फोन हातात धरून दारापर्यंत गेली, दाराच्या फटीतून जिन्यात पाहिलं, पुन्हा फोनमध्ये पाहिलं आणि फोन खाली टाकून त्याच्या गुडघ्याला मिठी मारली. मी तिथेच होतो. मला काहीतरी विनोद करावासा वाटला होता, पण सुचला नाही.

तिच्या पायात गावच्या जत्रेतून घेतलेल्या लाल चपला होत्या. पाऊल टाकलं की टाचेतून ‘पीं’ असा आवाज येणाऱ्या. घरभर ती पळायची आणि घरभर पीं पीं पीं पीं. खालच्या मजल्यावरच्या बाईने तक्रार केली, तेव्हा मी एक युक्ती काढली. कमरेला टॉवेल गुंडाळला, हातात लाटणं घेतलं आणि दरबारातल्या चोपदारासारखी ललकारी दिली:

“आस्ते कदम! आस्ते कदम! काकडी-कप्पा-निवासिनी, रिमोट-हारिणी, दूध-बिस्किट-अधिपती, राणीसरकार येत आहेत हो!”

ती थबकली. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग मान ताठ करून एक पाऊल टाकलं. पीं. थांबली. दुसरं टाकलं. पीं. मी पुन्हा ‘आस्ते कदम’ म्हणेपर्यंत तिसरं टाकेना. अशी ती स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत आली आणि सोफ्यावर चढून बसली. आई पदरात तोंड लपवून हसत होती. माझी मोठी मुलगी, जिला मराठी सगळं कळतं पण जिचं उत्तर कायम इंग्रजीतून येतं, ती खोलीतून बाहेर येऊन म्हणाली, “बाबा, यू आर सो एम्बॅरसिंग,” आणि तिथेच उभी राहून मोबाइलवर शूटिंग करू लागली.

त्यानंतर ललकारीशिवाय राणीसरकार कुठेही जाईनात. अंघोळीला, जेवायला, लिफ्टकडे. मी ऑफिसात असलो की बापाने म्हणून पाहायचं, पण त्याचा आवाज निघायचा नाही. ती त्याच्याकडे दयेने पाहायची आणि माझी वाट बघत बसून राहायची.

जानेवारीत मंडळाची सहल असते. चौदा गाड्या, ओळीने, उत्तरेकडे मदिनत अश शमालपर्यंत आणि तिथून पुढे समुद्रावर. प्रत्येक गाडीला नंबर, मागेपुढे कोण हे ठरलेलं, आणि सगळ्या गाड्यांत फोनचा स्पीकर चालू. त्यावर माझं समालोचन. मी गाडी चालवायची आणि बोलायचं. माझ्या शेजारी ड्रायव्हर बसला होता आणि त्याचा जीव कासावीस झाला होता. मी ब्रेक दाबायच्या आधी त्याचा पाय हवेत दाबला जायचा.

“अरे, आज तू पाहुणा आहेस.”

“व्हय सायेब. पन पाय पाहुना न्हाई ना.”

हेही मी स्पीकरवरून चौदा गाड्यांना ऐकवलं. हशा झाला.

मागच्या सीटवर माझी बायको, मुलीची आई आणि मधे मुलांच्या खुर्चीत राणीसरकार. मुलगी सकाळपासून गप्प होती. घरून निघताना ललकारी दिली तेव्हा दोनच पावलं टाकली आणि आईकडे हात पसरले. गाडी सुरू होताच झोपली. वाटेत पेट्रोलपंपाशी सगळ्यांचा थांबा होता. लोक उतरले, चहा घेतला, आपापले डबे उघडले आणि पुन्हा गाड्यांत जाऊन बसले. मी खिडकीतून आत डोकावलो तर माझी बायको म्हणत होती, “अंग जरा कोमट लागतंय हिचं. उठवून पाणी पाजूया का?”

मुलीच्या आईने तिच्या कपाळावर हात ठेवला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. विचारत होती ती. तिला वाटलं असेल, इथलं हवापाणी यांना जास्त कळतं.

आपल्याकडे झोपलेल्या लेकराला उठवत नाहीत. मला तेवढंच आठवलं, आणि हातात फोन होता, आणि चौदा गाड्या ऐकत होत्या. मी म्हणालो, “सर्व प्रजेने शांतता राखावी! राणीसरकार निद्रिस्त आहेत. जो उठवील त्याला उंटाच्या पायी देण्यात येईल!”

सगळीकडून हसण्याचा आवाज आला. मुलीची आईही हसली आणि तिने हात मागे घेतला. बायकोनेही बाटलीचं झाकण लावलं.

तिथून शमाल चाळीस मिनिटं. गावात शिरल्यावर मी गाडी लावली, बापाने उतरून मागचं दार उघडलं, तिला उचललं आणि तिची मान त्याच्या दंडावरून मागे पडली. तो काही ओरडला नाही. फक्त माझ्याकडे वळून म्हणाला, “सायेब, ही धरंना.” म्हणजे ती त्याला धरत नव्हती. दोन आठवड्यांपासून तो उचलायचा तेव्हा ती गळ्याला हात टाकायची, तेवढं त्याला कळलं होतं.

दवाखाना जवळच होता. तिथल्या लोकांनी तासभर जे जे करता येईल ते केलं. मग एक वयस्कर सुदानी डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी इंग्रजीतून सांगितलं, मी मराठीतून सांगितलं. आयुष्यात मी इतक्या लोकांचे आवाज काढले, पण दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून काढणं किती जड असू शकतं ते मला त्या बाकड्यासमोर कळलं.

मुलीच्या हृदयाला सूज आली होती. दोन-तीन दिवस ताप आत मुरत असावा. मी डॉक्टरबाईंना एकटं गाठून विचारलं, तासभर आधी आणलं असतं तर? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, “मला माहीत नाही.” त्यांनी खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. डॉक्टर सांगतात तसं.

पोलीस, दाखला, दूतावासाचं पत्र यांत दोन दिवस गेले. मंडळाची माणसं माझ्याआधी सगळीकडे पोचत होती. प्रश्न एकच उरला होता: मुलीला कुठे न्यायचं?

इथे आपल्या लोकांसाठी दहनाची सोय नाही. माणूस गेला की विमानाने गावी पाठवतात. पण लहान लेकराला आपण अग्नी देत नाही, मातीतच देतो, आणि इतर धर्माच्या लोकांसाठी शहरापासून लांब, वाळवंटात, एक दफनभूमी आहे. म्हणजे दोन्ही शक्य होतं. आमच्या हॉलमध्ये मंडळाचे जुने अध्यक्ष बसले होते. ते म्हणाले, “माझं ऐका. गावी न्या. आपल्या मातीत असावं लेकरू. उद्या हे दोघं इथून गेले की कोण आहे तिला इथे?” बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

बाप सतरंजीच्या कडेचे दोरे उपसत बसला होता. गावाहून त्याच्या वडिलांचा फोन येऊन गेला होता. तेही म्हणाले होते, घेऊन या. तो मान खाली घालूनच म्हणाला, “न्हेऊ मग. न्हेऊ.”

मागच्या खोलीचं दार उघडलं आणि मुलीची आई बाहेर आली. पदर डोक्यावरच होता. ती कोणाही पुरुषाकडे न पाहता माझ्या बायकोशी बोलली, पण हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं.

“ताई, हितं बायका जात्यात का?”

“कुठे गं?”

“मातीला.”

माझ्या बायकोला क्षणभर कळलं नाही. मलाही नाही. मग मुलीच्या आईने सांगितलं. त्यांच्या गावी पाच वर्षांच्या आतलं लेकरू गेलं की पुरुष हातावर घेऊन ओढ्याकाठी जातात आणि पुरून परत येतात. बाई जात नाही. आई तर नाहीच. जागाही तिला सांगत नाहीत. दगड ठेवत नाहीत. तिची सासू अजून ओढ्यावर धुणं धुवायला गेली की कुठल्याही उंचवट्यावर पाय ठेवत नाही, कारण तिचं पहिलं लेकरू तिथेच कुठेतरी आहे.

“तिकडं न्हेलं तर मला येशीपास्नं मागं फिरवतील,” ती म्हणाली. “मंग गावात असून काय? हितं मला कोनी अडवायलंय का?”

जुने अध्यक्ष चष्म्याच्या काड्या उघडझाप करत राहिले. शेवटी माझी बायको उठली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “इथे कोण अडवणार? मी येते तुझ्याबरोबर.”

बापाने मान वर केली. “तू परत जाशील. ती हितं ऱ्हाईल.”

“ऱ्हाईल. तुमी हाव की.” मग पदर सावरून, “पन मी तिला पोचवीन.”

तसं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला मीठ आणायला पाठवलं. लेकराला मातीत देताना खड्ड्यात मीठ घालतात, खडे मीठ. मी सुपरमार्केटमध्ये गेलो. आयुष्यात कधी मीठ घेतलं नव्हतं. एका मांडणीत जाड खड्यांचे डबे दिसले, वर परदेशी भाषा, खाली अरबी, आणि एका कोपऱ्यात ‘सॉल्ट’. मी सहा डबे उचलले आणि पळत सुटलो.

दफनभूमीपर्यंतचा रस्ता तासाभराचा होता. मी निघालो आणि आरशात पाहिलं तर मागे गाड्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण चौदाच्या चौदा, त्याच क्रमाने. काहींच्या काचेवर सहलीचे नंबर अजून तसेच चिकटलेले. कोणाच्याही गाडीत स्पीकर चालू नव्हता.

फाटकापासून त्या जागेपर्यंत दोनशेएक पावलं असतील. खडीसारखी बारीक जमीन, एकही झाड नाही. लहान लेकराला तिरडी नसते. बापाने हातावर न्यायचं. त्याने पांढऱ्या कापडातली मुलगी घेतली आणि फाटकातून आत आला, आणि तिथेच थांबला. आम्ही वाट पाहिली. मागे त्याची बायको आणि माझी बायको एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. तो हलेना. मी जवळ गेलो.

“चल रे, बाबा.”

“सायेब, पाय उचलंना.”

बारा तास बस हाकणारा माणूस तो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर शर्ट ओला होता.

“म्हना की,” तो म्हणाला.

“काय?”

“तिला म्हनायचाव ते. मला येत न्हाई.”

मी भोवती पाहिलं. अर्धं मंडळ उभं होतं. ज्यांच्यासमोर मी वर्षानुवर्षं टॉवेल गुंडाळून नाचलो होतो, ती सगळी माणसं. मी मागे वळून मुलीच्या आईकडे पाहिलं, आणि या वेळी मी विचारत होतो. तिने मान हलवली.

“आस्ते कदम,” मी म्हणालो.

त्याने एक पाऊल टाकलं.

“आस्ते कदम. काकडी-कप्पा-निवासिनी.” दुसरं पाऊल. “रिमोट-हारिणी. दूध-बिस्किट-अधिपती.” आवाज फुटत होता, पण मी एकही बिरूद गाळलं नाही. राणीसरकारांना ते चाललं नसतं. संपलं की पहिल्यापासून. अशी ती स्वारी त्या दोनशे पावलांतून गेली. कोणीतरी मागे हुंदका दिला, कोणीतरी, शपथेवर सांगतो, हसलंही. तेही बरोबरच होतं.

बाप खाली उतरला. आईने काठावर बसून सगळं पाहिलं. मीठ तिने स्वतःच्या हाताने घातलं.

दहा दिवसांनी तिचा व्हिजा संपला. विमानतळावर आम्ही चौघं उभे होतो. ती माझ्या बायकोच्या गळ्यात पडली आणि दोघींच्या मधे दाबल्या गेलेल्या पिशवीतून ‘पीं’ असा आवाज आला. चौघांनीही ऐकला. तिने पिशवी अलगद दुसऱ्या हातात घेतली आणि पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

“दादा, महिन्यातून एकडाव जात जावा. नुसतं हुबं ऱ्हाऊ नका. बोला. ह्यांला बोलायचं येत न्हाई, ती कंटाळंल.”

त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझ्या बायकोने गाडीची डिकी आवरताना एक उरलेला डबा वर आणला. “अहो, हे काय आहे?”

“मीठ.”

“हे भांडी धुवायच्या मशीनमध्ये टाकतात ते मीठ आहे.”

मी डबा हातात घेतला. कोपऱ्यात बशीचं चित्र होतं, चमकणाऱ्या बशीचं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. ती म्हणाली, “कुणाला सांगू नका.” मग ती हसू लागली, आणि हसता हसता बराच वेळ रडली. हे मी पाच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

पाच वर्षं मी महिन्यातल्या एका शुक्रवारी दफनभूमीत जातो. पहिली दोन वर्षं बाप बरोबर असायचा. मी बोलायचो, तो शेजारी उकिडवा बसून खडे वेचून बाजूला करायचा. मग त्याचं काम संपलं आणि तो गावी गेला. आता तिकडे शाळेची बस चालवतो. मी एकटा जाऊ लागलो. मंडळातली भांडणं, अध्यक्षांची नवी नक्कल, माझी मुलगी आता नोकरीला लागली पण अजून इंग्रजीतच उत्तर देते, हे सगळं सांगायचं. निघताना ललकारी. फाटकावरचा नेपाळी रखवालदार सुरुवातीला घाबरला होता. नंतर तो विचारू लागला, “आज कम चिल्लाए साहब, तबियत ठीक है?”

आता माझीही नोकरी संपते आहे. नोकरी संपली की इथला मुक्काम संपतो, तो नियम सगळ्यांना सारखाच. गेल्या शुक्रवारी मी शेवटचा गेलो. तिथून निघायच्या आधी गावी फोन लावला. बायको गाडीजवळ थांबली होती. मी त्या छोट्या उंचवट्याशी उभा राहून मुलीच्या आईशी बोललो.

“आम्ही चाललो परत. आता इथे कोणी येणारं नाही.”

“व्हय. ताई बोलल्या.”

“आणखी एक सांगायचंय.” मी पाच वर्षं शब्द जुळवत होतो, पण तोंडातून सरळच गेलं. “त्या दिवशी पंपावर तू मला विचारत होतीस. मी म्हणालो, उठवू नका. मी चेष्टा केली. उठवलं असतं तर कदाचित...”

पलीकडे नळाला पाणी आल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

“दादा, माझा हात हुता तिच्या कपाळावर,” ती म्हणाली. “तुमचा न्हवता. मला ताप कळला हुता, आदल्या दिसापास्नं. सहल मोडंल म्हनून बोलले न्हाई मी. ताई इतक्या हौसंनं पोळ्या लाटायल्या हुत्या.” तिचा आवाज खाली आला. “ह्यांला अजून सांगितलं न्हाई. तुमीबी सांगू नका.”

मग न राहवून, कशासाठी कोण जाणे, मी मिठाचंही सांगून टाकलं. बशीच्या चित्रासकट.

मला वाटलं, हे नको होतं सांगायला. आणि मग फोनमधून एक विचित्र आवाज आला. ती हसत होती. महिनाभर आमच्या घरात राहूनही जिचं हसणं पदराबाहेर कधी आलं नव्हतं, ती.

“भांडी धुवायचं? अवो दादा! मी माझ्या हातानं घातलं की वो ते!” आणि पुन्हा हसली. मग नाक ओढलं. “चांगलं झालं. स्वच्छ असंल तितं.”

ऊन चढत होतं. बायकोने लांबून हात केला.

“निघा आता,” मुलीची आई फोनवर म्हणाली.

मी निघालो नाही. निघायचं होतं, पण जमेना. पाच वर्षांपूर्वी फाटकाशी बापाला काय झालं होतं ते तेव्हा मला फक्त दिसलं होतं.

“दादा? चाललाव का?”

“नाही गं. पाय उचलत नाहीये.”

तिने घसा साफ केला. आमच्या भिंतींनाही जिचा आवाज माहीत नव्हता, ती आपल्या घराच्या अंगणात उभी राहून, शेजारीपाजारी ऐकत असतील त्यांना ऐकू दे अशा आवाजात म्हणाली:

“आस्ते कदम!”

मी एक पाऊल टाकलं.

“आस्ते कदम! काकडी-कप्पा-निवासिनी!” तिला सगळी बिरुदं पाठ होती. माझ्या क्रमाने. मधेच एकदा अडखळली, तेव्हा मी तिथेच थांबलो, आणि तिने ती पुन्हा पहिल्यापासून घेतली. मी फोन कानाला लावून चालत राहिलो. फाटकावरच्या रखवालदाराने माझ्याकडे पाहिलं, ओरडत का नाही म्हणून, आणि काही न विचारता फाटक उघडून धरलं.